येतो म्हणायचं राहिलं

किन्हवलीत कोणी जात नाही. म्हणजे माणसं शहापूरला जातात, मुरबाडला जातात, आसनगावहून लोकल धरून पार मुंबईपर्यंत जातात. पण निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. चुकून कोणाच्या तोंडून 'जातो' निघालंच तर आमची आजी त्याला आत बोलावते, पुन्हा बसवते, घोटभर पाणी पाजते आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडते. बरं, एकदा म्हणून भागत नाही. ओटीवरून उठताना एक 'येतो', पडवीत चपला शोधताना दुसरं, अंगणात गाडीला किक मारताना तिसरं, आणि इंजिनाच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नसताना चौथं. तोवर घरातल्या शेवटच्या माणसालाही कळतं की पाहुणा निघाला. त्याचा डबा ज्याच्याकडे राहिलेला असतो तो डबा आणून देतो. ज्याचे पैसे त्याच्याकडे अडकलेले असतात तो परसातून धावत येतो. आणि चुलीवर त्याच्या नावाने चढवलेला अर्धा कप चहा मुकाट माझ्या पुढ्यात येतो.

मी ज्या धंद्यात आहे तिथे हेच काम करण्यासाठी माणसं पगारावर ठेवतात.

मी ड्रायव्हर लिहितो. हे वाक्य गावात बोलायला लागल्यापासून माझे हाल आहेत. ड्रायव्हर चालवतो, लिहितो कसा? भात झोडून झाल्यावर एकाने मला चाळीस गोणी कल्याणला पोचवशील का, डिझेल माझं, असं सरळ विचारलं होतं. मग मी नीट सांगायला गेलो की मी कर्नलचे ड्रायव्हर लिहितो. ते तर फारच अंगाशी आलं. आठवड्याभरात गावभर झालं की आपला पोरगा लष्करात आहे, कर्नलसाहेबांच्या गाडीवर. आजीने ही बातमी दुरुस्त केली नाही, कारण आधीच्या बातमीपेक्षा ही बरी होती. त्या १५ ऑगस्टला मला झेंड्यापाशी पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. मीही मग फार खोलात गेलो नाही.

तुमच्यापुरतं सांगतो. कर्नल म्हणजे संगणकाच्या आत बसलेली घरातली कर्ती बाई. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे, कोणाला किती जागा द्यायची ते ती ठरवणार, कोणाचं काम आधी आणि कोणाचं नंतर तेही तीच. फक्त तिला बाहेरच्यांच्या बोल्या येत नाहीत. छपाईयंत्राची बोली वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, इंटरनेटच्या डोंगलची त्याहून वेगळी. म्हणून प्रत्येकासाठी एकेक दुभाषा ठेवलेला असतो. तो ड्रायव्हर. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधून जगाला कळवलं की मी हौसेखातर असं काहीतरी करतो आहे, फार मोठं काही नाही. ते 'फार मोठं नाही' आज लिनक्स या नावाने तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे आणि त्याच्या ओळी काही कोटींत मोजतात. त्यातल्या अर्ध्याहून जास्त ओळी या दुभाष्यांच्या. घर राहिलं बाजूला, दुभाषेच फार, अशी अवस्था. अर्थात लग्नघरातही नवरा-नवरी दोनच असतात.

आता मूळ प्रकरण. माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, बाजारपेठेत दाखले काढून देण्याचं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर. जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की बाहेर छत्र्यांची रांग लागते. आत दोन यंत्रं. एक लॅपटॉप, आणि एक इतका जुना संगणक की त्यावर विंडोज चढवलं तर तो धापा टाकतो. त्यावर मी कौतुकाने लिनक्स घालून दिलं होतं. त्यामुळे पुढच्या सगळ्या पापाचा धनी मीच. दोन यंत्रांत इंटरनेटचा डोंगल मात्र एक. एकाचं नेट दुसऱ्याला वाटून द्यायची युक्ती मी दादाला दोनदा शिकवली. त्याचं म्हणणं, "उपटून लावायला किती वेळ लागतो?"

वेळ लागत नव्हता, हे खरं. इकडून उपटला, तिकडे लावला. पण उपटल्यावर बरोबर सेकंदभराने जुना संगणक जागच्या जागी गोठायचा. माउस मेलेला, घड्याळ थांबलेलं. दादा मान वर न करता रांगेला सांगायचा, "सर्व्हर डाऊन."

या दोन शब्दांवर महाराष्ट्राची जेवढी श्रद्धा आहे तेवढी फार थोड्या गोष्टींवर उरली आहे. सर्व्हर कुठे असतो, तो खाली का जातो, वर कोण आणतं, कोणी विचारत नाही. पाऊस आला म्हणजे आला, सर्व्हर गेला म्हणजे गेला. माणसं निमूट छत्र्या उघडून चहाला जातात. मला एकट्यालाच ठाऊक होतं की सर्व्हर बिचारा ठणठणीत आहे आणि मेलेला इसम टेबलाखाली आहे.

एका रविवारी केंद्र बंद ठेवून मी शवविच्छेदनाला बसलो. चित्रंबित्रं बंद करून नुसता काळा पडदा ठेवला, म्हणजे मरताना संगणक काय बोलतो ते दिसेल. डोंगल उपटला. एक सेकंद शांतता. मग पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. कर्नलची अशी घसरण झाली की तिला इंग्रजीत 'ऊप्स' म्हणतात, अधिकृतपणे. मराठीत कोणी उतरवलंच तर 'अगंबाई' हा एकच शब्द शोभेल. अगंबाई, मी नको तिथे हात घातला. अशी चूक ऐन धावपळीत, इतर सगळी कामं अडवून चाललेल्या कामात झाली, की कर्नल सावरायच्या फंदात पडत नाही, अंगच टाकतो. त्याला 'पॅनिक' म्हणतात, आणि त्याचं मराठी करायची गरज नाही.

दादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. बाकीचं त्याला कळलं नाही, पण मधल्या ओळीत तीन मोठी अक्षरं त्याने बरोबर टिपली. आर, आय, पी.

"बघ," तो म्हणाला, "याने आपली आपणच श्रद्धांजली वाहिली."

गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणाच्याही निधनाखाली ही तीन अक्षरं इतकी पडतात की त्याची चूक नव्हती. वास्तविक प्रोसेसर या क्षणी कोणत्या आज्ञेवर उभा आहे तो पत्ता ठेवणाऱ्या कप्प्याचं ते नाव आहे. मी ते समजावलं. पण मेला कुठे आणि काय करताना मेला हे सांगणाऱ्या ओळीला यापेक्षा चांगलं नाव सुचवता येईना.

त्याच पानावर आणखी एक शेरा होता. 'टेन्टेड'. डोंगलचा दुभाषा कर्नलच्या घरचा नव्हता, डोंगलबरोबर बाहेरून आलेला होता. असा परका आत घेतला की कर्नल स्वतःवर तशी खूण करून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार आली तर घरच्यांना सांगता येतं की आमच्या हातचं नाही हे. आजीच्या भाषेत खरकटा कर्नल. खरकट्याला घरातलं कोणी हात लावत नाही. ते माझ्याच वाट्याला आलं.

दोष काय होता ते सांगतो. मला यात फार रस आहे, तुम्हाला नसला तर पुढचा परिच्छेद चहा पिऊन येईपर्यंत सोडा.

समजा, गावात एक घर आहे आणि दर महिन्याला मीटर रीडिंगला एक माणूस येतो. एके दिवशी घरवाला न सांगता गेला. घर पाडलं, जागा दुसऱ्याला दिली, त्याने तिथे विहीर खणली. रीडिंगवाल्याला कोणी कळवलंच नाही. तो पुढच्या महिन्यात हातातल्या यंत्राकडे बघत बघत सवयीने उंबरठा ओलांडतो. संगणकात हा माणूस म्हणजे टायमर. डोंगलचा दुभाषा दर सेकंदाला एक टायमर पाठवून विचारत होता, 'जोडणी आहे ना?' डोंगल उपटला की दुभाष्याने आपली जागा, म्हणजे मेमरी, कर्नलला इमाने परत केली. पण निघालेल्या टायमरला परत बोलावलं नाही. सेकंदाने तो यायचा आणि विहिरीत पडायचा. तपासणीचा स्विच चालू ठेवला तर कर्नल अशा मोकळ्या केलेल्या जागेत '६बी' हा आकडा ओळीने भरून ठेवतो. अक्षरांत त्याचा अर्थ होतो इंग्रजी 'के'. माझ्या पडद्यावर नेमकं तेच आलं होतं. माझा टायमर पाडलेल्या घरात शिरून मालकाला हाका मारत होता, आणि रिकाम्या भिंती म्हणत होत्या, के के के के के के के के.

हे यूएसबीवाल्यांचं. संगणकाच्या पोटात बसवतात त्या पीसीआय कार्डांचं तर याहून विनोदी. ते चालू यंत्रातून उपटलं आणि तरी त्याला काही विचारलं, तर उत्तरात सगळे बिट एकचे येतात. म्हणजे काहीही विचारा, हो. चालू आहेस ना? हो. बंद पडलास का? हो. पाकीट आलं? हो. आग लागली? हो. काही जावयांची अशीच ख्याती असते, पण ते निदान समोर बसलेले असतात.

माझा पहिला इलाज कोणीही करेल तोच. टायमरला सांगितलं, आत जाण्याआधी विचार, 'आहेस का?' नाही म्हटलं तर परत फीर. दुभाष्याच्या कागदांत मी 'आहे' किंवा 'नाही' अशी एक पाटी लावली. डोंगल उपटला. अगंबाई. रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी भाकऱ्या थापताना आजीने विचारलं तेव्हा तिला या घराचीच गोष्ट करून सांगितली. ती म्हणाली, "पन पाटी लावलीस कुठं?"

पाटी मी त्याच घराच्या भिंतीवर लावली होती. घर पडलं तेव्हा पाटीही पडली. आणि टायमर विहिरीच्या तळाशी 'तो आहे का' हे वाचायला वाकत होता.

दुसरा इलाज शहाणपणाचा. घर पाडण्याआधी टायमर थांबवायचा, तो वाटेत असेल तर परत येईपर्यंत थांबायचं, मगच जागा सोडायची. हे चाललं. पाचदा उपटलं, दहादा उपटलं, यंत्र जिवंत. मी खूश होऊन दादाला फोन केला. तरी धंद्याचा नियम म्हणून दोनशे वेळा उपटून बघायचं ठरवलं. तेवढा धीर मला नाही, म्हणून सहावीतल्या पुतणीला कामावर ठेवलं. दर पन्नास उपटण्यांना एक चॉकलेट. ती शाळेतल्या पाढ्यासारखी मोठ्याने मोजत होती, बाहेर पाऊस कोसळत होता, एकोणतीस, तीस, एकतीस, आणि ती म्हणाली, "काका, परत के के."

मधे एक वेगळाच खेळ झाला. मी घाईत डोंगलवर एक जास्तीचा हक्क नोंदवून ठेवला होता आणि सोडायला विसरलो होतो. तेव्हा यंत्र मेलं नाही. ते वाट बघत बसलं. दर दहा सेकंदांनी एक ओळ: अमुक मोकळा होण्याची वाट पाहत आहे, वापरणारे १. जेवण झालं, भांडी झाली, ओळी येतच होत्या. वापरणारे १. पाहुणा चपला घालून अंगणात उभा आहे आणि त्याचा डबा कोणाकडे आहे हे घरातलं कोणी कबूल करत नाही, तसं. डबा माझ्याकडेच होता. दिला एकदाचा.

पण एकतिसाव्याचं कोडं तसंच. कधी बाराव्या वेळी मरायचं, कधी चाळिसाव्या. मी कागदावर बाण काढत बसलो. पुतणी मात्र डोंगलकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दिवा लुकलुकत असताना काढला ना, की मरतो. गप असताना काढला की नाही मरत."

मला लाज वाटायला हवी होती. दिवा लुकलुकतो म्हणजे माहितीची पाकिटं ये-जा करत असतात. आणि दुभाष्याची सवय अशी, की एखादं पाकीट परत आलं की 'जोडणी आहे, चौकशी सेकंदभर पुढे ढकला' म्हणून टायमरला नव्याने वेळ लावून द्यायचा. मी टायमर थांबवत होतो खरा, पण बाहेर गेलेली पाकिटं त्यानंतर घरी येत होती आणि जुन्या सवयीने टायमरला पुन्हा कामाला लावत होती. मीटरवाल्याला मी बंद केलं होतं. बाजारातून उशिरा परतलेल्या गड्याने त्याला फोन करून पुन्हा बोलावलं होतं.

तेव्हा क्रम बदलला. आधी वरच्या मंडळींना कळवायचं, यापुढे याच्याकडे काही पाठवू नका. मग बाहेर गेलेल्या सगळ्या पाकिटांना परत बोलवायचं आणि शेवटचं येईतो दारात उभं राहायचं. मग टायमर बंद करायचा, आणि असा की कोणी बोलावलं तरी पुन्हा निघणार नाही. ही कायमची बंदी पूर्वी ज्याची त्याने आपापल्या जुगाडाने करायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. म्हणजे जगभरात हे विहिरीत पडणं इतकं झालं असणार की शेवटी कठडा बांधावा लागला. एवढं सगळं झालं की मग घर सोडायचं. ओटी, पडवी, अंगण, रस्ता. साडेतीन दिवसांत तीन ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन आधीपासून होत्या, फक्त चुकीच्या जागी.

दादाने तीन ओळी मोजल्या आणि चेहऱ्यावरून वाटलं की माझा पगार त्याला सांगायला नको होता. मी मग मोठ्यांचे दाखले दिले. २० एप्रिल १९९८ ला शिकागोत खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ दाखवायला काढलं, एक स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला. तो तर जोडताना, उपटायची वेळही आली नव्हती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलमुळे विंडोजच्या कर्नलमध्ये बसलेल्या दुभाष्याने नको तिथे वाचलं, आणि जगभरातले अंदाजे ८५ लाख संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. दादाला यातलं शेवटचं वाक्य आवडलं. "म्हणजे त्यांचा पण सर्व्हर डाऊन."

एक गोष्ट मात्र मला या साडेतीन दिवसांत नव्याने दिसली. यूएसबीच्या जुन्या, चपट्या तोंडाच्या पिनेत आत बघा. चार पट्ट्या असतात, त्यांतल्या कडेच्या दोन मधल्या दोघींपेक्षा लांब. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. लावताना वीज आधी पोचावी आणि उपटताना शेवटी सुटावी म्हणून ही योजना. हे मानक १९९६ चं. ते घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, आणि ते शिकले बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. म्हणजे गायकवाडांच्या नात्याने थोडेफार आपलेच. वीज सर्वांत आधी येणार आणि सर्वांत शेवटी जाणार! त्यांनी तेव्हा जरा वळसा घालून पावसाळ्यात किन्हवलीला यायला हवं होतं. आमच्याकडे पहिला ढग दिसला की सगळ्यात आधी तीच निघते, आणि 'येतो' म्हणत नाही. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईच्या नळाला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांना टँकर. तेव्हा कोणती पट्टी लांब आणि कोणती आखूड हे ठरवणारे नेहमी दुसरेच असतात, याची आम्हाला सवय आहे.

दोनशे उपटण्या पूर्ण झाल्या. नंतर पुतणीने स्वतःच्या हिशेबाने आणखी पन्नास केल्या, चॉकलेटसाठी. यंत्र मेलं नाही. फक्त संगणकाचं ते तोंड आता सैल झालंय आणि डोंगल खाली पुठ्ठ्याची घडी ठेवल्याशिवाय बसत नाही. तीन ओळी मी दुभाष्याच्या मूळ कर्त्यांना पाठवल्या आहेत. दादाला एक सवय तेवढी लागली. डोंगल काढताना तो आता रांगेसमोर मोठ्याने 'येतो' म्हणतो. तशी गरज उरलेली नाही, असं मी त्याला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली तेव्हा आजीने मला आणि दादाला समोर बसवलं. म्हणाली, त्या डब्यातलं गेलेल्याचं नाव काढायला चार दिवस खपलात, आता आपल्या घरचं बघा. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, खात्याच्या चिठ्ठ्या त्यांनाच येतात आणि आम्ही त्या त्यांच्या वतीने घेतो. दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, आधार कार्डं सगळं घेऊन आम्ही केंद्रात बसलो. डोंगल लावला, संगणक चालू, दिवा लुकलुकत होता, फेरफाराचा अर्ज उघडला, अकराही वारस भरले.

सर्व्हर डाऊन होता. खरोखरचा.